खुलासा

तेरा वर्षं मी सेनगाव तालुक्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. त्या तेरा वर्षांत माझी एक बातमी साफ खोटी निघाली आणि एक अक्षरन् अक्षर खरी होती. बाकीच्या बहुतेक वाढदिवस, अपघात, हरिनाम सप्ताह आणि 'उत्साहात संपन्न'. खोट्या बातमीबद्दल मला कुणी कायद्यानं जाब विचारला नाही. खऱ्या बातमीबद्दल एक कोटी रुपयांची नोटीस आली.

सुरुवात केली 2003 साली. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. 1 मे 1999 ला आम्ही परभणीपासून वेगळे झालो. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, नवी झेडपी, नवे पुढारी. प्रत्येक पेपरला प्रत्येक तालुक्यात एक माणूस हवा होता. नेमणूक म्हणजे एक ओळखपत्र, एक लेटरहेड आणि मोटारसायकलवर 'प्रेस' लिहायची मुभा. पगार नाही. एसटीडी बूथवरून केलेल्या फॅक्सचे पैसे मिळायचे, तेही पावत्या जोडल्या तर. कमाई सगळी जाहिरातीच्या कमिशनची. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, असे आमचे हंगाम. सोयाबीनवाल्याला एक हंगाम, आम्हाला पाच. ज्या सरपंचाकडून, ज्या कृषी केंद्रवाल्याकडून, ज्या संस्थाचालकाकडून शुभेच्छांची जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध लिहायचं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायच्या आधीच तो सुटलेला असायचा.

लिहायला मग उरायचे ते जाहिरात न देणारे. शाळेचे मास्तर, रेशन दुकानदार, तलाठी, आशा, अंगणवाडीताई.

2007 च्या पावसाळ्यात बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एका गावचा सोसायटीचा माजी चेअरमन भेटला. म्हणाला, आमच्या गावची अंगणवाडीवाली बाई पोषण आहाराच्या गोण्या बैलगाडीत घालून घरी नेते, बाजारात विकते. मी विचारलं, कोणी पाहिलं? "सगळ्या गावानं पाहिलं की." मी गावाला गेलो नाही. पाऊस चालू होता, शेवटचा तीन किलोमीटर रस्ता चिखलाचा, आणि चहाचे पैसे त्यानं दिले होते. बाईंचं म्हणणं घ्यायला हवं, हे मला समजत होतं. त्यांच्याकडे फोन नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. गावच्या किराणा दुकानात फोन होता. त्याचा नंबर माझ्या डायरीत होता.

बातमी लिहिली. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर आहार खुल्या बाजारात विकला जात असल्याची चर्चा ग्रामस्थांमध्ये आहे.' आमच्या धंद्यात हे वाक्य छत्रीसारखं वापरतात. चर्चा आहे, समजते, बोलले जात आहे. या क्रियापदांना कर्ता नसतो, म्हणून तर ती वापरायची. डेस्कवरच्या माणसानं वर हेडिंग टाकलं, 'चिमुकल्यांच्या तोंडचा घास पळवला!' आणि जिल्ह्याच्या पुरवणीत पहिल्या पानावर तीन कॉलम लावली. उद्गारचिन्ह त्याचं, बाकी सगळं माझं. बाईंचं नाव आम्ही छापलं नव्हतं, त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. गावात अंगणवाडी एकच, नाव छापायची गरज काय होती?

तिसऱ्या दिवशी प्रकल्प कार्यालयातून पर्यवेक्षिका आल्या, पंचनामा झाला, बाईंचं मानधन थांबलं. ऑफिसकडून मला फोन आला, 'बातमीचा इम्पॅक्ट' म्हणून फॉलोअप दे. दिला.

चार महिन्यांनी चौकशी अहवाल आला. अंगणवाडीच्या खोलीचं छत गळत होतं. ग्रामसेवकाच्या सांगण्यावरून गोण्या बाईंच्या घरच्या कोरड्या खोलीत हलवल्या होत्या. साठा नोंदवहीत तशी नोंद होती, खाली ग्रामसेवकाची सही, आणि गोण्या मोजल्या तेव्हा एकही कमी भरली नाही. चेअरमनचं दुखणं वेगळंच होतं. बाईंच्या मालकानं ग्रामपंचायतीला त्याच्या पॅनलविरुद्ध फॉर्म भरला होता.

ती दोघं माझ्या घरी आली. बाईंनी पाणीही घेतलं नाही.

"दादा, तुम्ही गावात आलते का?"

"नाही."

"मग तुमाला कसं दिसलं?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी पिशवीतून अहवालाची नक्कल काढली. "हे छापा. जिथं ते छापलं तिथंच. जास्त काय म्हणत नाही मी."

मागणी एवढीच होती. माफी नको, भरपाई नको. जागा तीच पाहिजे.

मी खुलासा लिहून पाठवला. आला नाही. पुन्हा पाठवला, आला नाही. फोन केला तर वरिष्ठ म्हणाले, खुलासे छापायला लागलो तर लोक म्हणतील हे रोज खोटंच छापतात. पेपरची पत असते. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला येऊन विनवलं तेव्हा आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या खाली, चार ओळी आल्या. त्यात चौकशी पूर्ण झाल्याचं होतं, बाई कामावर रुजू झाल्याचं होतं. आमची बातमी चुकीची होती, हे कुठंच नव्हतं. पहिल्या बातमीच्या कात्रणाच्या झेरॉक्स काढून चेअरमननं अख्ख्या गावात वाटल्या होत्या. या चार ओळींची झेरॉक्स कोण काढणार?

भारतीय प्रेस कौन्सिल नावाची एक संस्था आहे, 1978 च्या कायद्याखाली चालते, आणि दैनिकातल्या मजकुराबद्दल दोन महिन्यांच्या आत तिथं तक्रार करता येते, हे मला नंतर बऱ्याच वर्षांनी समजलं. आधी संपादकाला लेखी कळवायचं, तिथं दाद लागली नाही तर कौन्सिलकडे जायचं. मी वार्ताहर असून मला माहीत नव्हतं, तर त्या बाईंना कोण सांगणार होतं? आणि त्यांच्या हातात अहवाल पडला तोवर चार महिने होऊन गेले होते. समजा तक्रार वेळेत केली असती, तरी कौन्सिल फार तर समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंडाचा अधिकार तिला नाही.

दोन वर्षांनी, 2009 च्या विधानसभेला, मी एका उमेदवाराच्या घरी ऑफिसनं दिलेला छापील कागद घेऊन गेलो. त्यावर दर होते. प्रचारफेरीचे वेगळे, मुलाखतीचे वेगळे, 'मतदारांचा कौल कुणाला' अशा विश्लेषणाचे सगळ्यात जास्त. खाली 'जाहिरात' हा शब्द येणार नव्हता, त्याचेच ते पैसे होते. आम्ही त्याला पॅकेज म्हणायचो. उमेदवारानं कागद वाचून विचारलं, "समोरच्यानं पण घेतलंय का?" मी हो म्हणालो. मग त्यानंही घेतलं. त्या महिन्यात मला वर्षाच्या बरोबरीचं कमिशन मिळालं, घरावर पत्रे टाकून झाले.

त्याच निवडणुकीत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. 'अशोक पर्व' नावाच्या पुरवण्या आमच्याकडेही आल्या, मी त्या चाळल्याही होत्या. पुढं पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत एकच स्तुतिलेख शब्दाला शब्द सारखा आला होता. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचे दाखवले होते 5,379 रुपये. तक्रार झाली, निवडणूक आयोगानं 2014 मध्ये त्यांचा खर्चाचा हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीनं प्रकरण तिथं मिटलं. प्रेस कौन्सिलनं पेड न्यूजवर दोन सदस्यांची समिती नेमली होती. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी नावानिशी 71 पानांचा अहवाल दिला. कौन्सिलनं 2010 मध्ये तो पूर्ण न छापता त्याचा छोटा गोषवारा काढला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, तोही पुढच्या वर्षी. पेपरांच्या चुकीचा खुलासा पेपरांची संस्थाच आतल्या पानावर टाकत होती. मला माझ्या त्या चार ओळी आठवल्या.

आता खरी बातमी.

2013 साली एका गावच्या पाणीपुरवठा योजनेचे कागद माहितीच्या अधिकारात एका तरुण पोरानं काढले आणि माझ्याकडे आणून दिले. मोजमाप पुस्तिकेत पाइपलाइन पूर्ण, टाकीची चाचणी पूर्ण, बिल अदा. अंगणवाडीच्या बातमीनंतर मी एक नियम केला होता, गेल्याशिवाय लिहायचं नाही. त्या गावाला मी तीनदा गेलो. टाकी होती, टाकीला पाइप नव्हता. बायका विहिरीवर रांगेत होत्या. फोटो काढले, ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला काम प्रगतिपथावर आहे, तेही लिहिलं. 'चर्चा आहे' कुठंच लिहिलं नाही. बातमी आली ती दोन कॉलम, तिसऱ्या पानावर. उद्गारचिन्ह नव्हतं.

आठ दिवसांत नोटीस आली. अब्रुनुकसानीपोटी एक कोटी, शिवाय फौजदारी. एक कोटीत शून्यं किती, हे मी माझ्या मुलाला विचारून खात्री केली. ऑफिसनं नोटिशीला उत्तर देताना कळवलं की सदर इसम आमचा पगारी कर्मचारी नाही. ते खरंच होतं. संध्याकाळी एक ओळखीचा माणूस घरी येऊन बसला, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाला, "लेकरं शाळेला पायीच जायलेत का? रस्ता लई वाईट हाय." त्याचा आवाज अगदी काळजीचा होता. मी ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, यात धमकी कुठं आहे, रस्ता खराबच आहे की.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचा खुलासा छापून आला. ज्या पानावर बातमी, त्याच पानावर. दोन कॉलम, ठेकेदाराच्या फोटोसकट, हेडिंग 'ते वृत्त निराधार'. वर्धापनदिनाच्या पुरवणीत त्याची पानभर जाहिरात होती, आणि तिचं कमिशनही माझ्याच खात्यावर आलं. मी ते परत केलं नाही.

अंगणवाडीच्या बाईंनी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, फक्त दुसऱ्याला.

फौजदारी खटला कधी उभा राहिला नाही. ठेकेदाराला खटला नकोच होता. कलम 499 आणि 500, दोन वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयानं मे 2016 मध्ये ही कलमं घटनेला धरून असल्याचं सांगितलं, आणि आता ती भारतीय न्याय संहितेत 356 व्या कलमात आली आहेत. वकील लोक सांगतात, हा कायदा सामान्य माणसाच्या अब्रूसाठी आहे. असेल. मी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. ज्या बाईंची अब्रू खरोखर गेली त्यांच्याकडे हिंगोलीला जायच्या एसटीचे पैसे मोजून होते. ज्याची गेली नाही त्याचा वकील औरंगाबादचा होता.

2016 ला मी काम सोडलं. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं. लोक अजूनही 'पत्रकार' म्हणूनच हाक मारतात. दर 6 जानेवारीला पत्रकार दिनाचं बोलावणं येतं. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण' काढलं तो दिवस. एका वर्षी पाहुण्यांनी टिळक-आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातल्या 101 दिवसांवर जोरदार भाषण केलं, टाळ्या पडल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. 1882 चा तो खटला कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांनी भरलेला होता, आणि बर्व्यांविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारानं लिहिलं होतं ती बनावट निघाली. दोघांनी कोर्टात माफी मागितली आणि तरीही शिक्षा भोगली. मला त्या दोघांचं मोठेपण तुरुंगाइतकंच त्या माफीतही दिसतं. त्याच कार्यक्रमात एक निवृत्त गुरुजी निजामाच्या काळातलं बोलले. आ. कृ. वाघमाऱ्यांचा 'मराठवाडा' 1938 ला निघाला, निजाम सरकार बंदी घालायचं, ते नाव बदलून पुन्हा काढायचे. हे मी आमच्या वरिष्ठांच्या 'पत' या शब्दाशेजारी ठेवून पाहतो.

एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे दुकान बंद होतं, दिवसभर टीव्ही. आमच्या भागातली माणसं पुण्या-मुंबईला, हैदराबादला अडकलेली. दक्षिण मध्य रेल्वेचं एक अंतर्गत पत्र मिळवून एबीपी माझाच्या राहुल कुलकर्णींनी 14 तारखेला बातमी दिली, अडकलेल्या मजुरांसाठी खास गाड्या सोडण्याचा प्रस्ताव आहे. आमचं हिंगोली डेक्कन स्टेशन त्याच रेल्वेच्या नांदेड विभागात येतं. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, पोरगं कोणत्या गाडीनं येईल? त्याच दिवशी दुपारी वांद्र्याला हजारोंची गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी मुंबई पोलिसांनी कुलकर्णींना उस्मानाबादहून अटक करून नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या कोर्टानं जामीन दिला. त्या बातमीत घाई झाली की नाही, यावर वाद घालता येईल, मी स्वतःही घालीन. पण पत्र खरं होतं. हातात कागद असलेला माणूस रात्रीतून उचलला जातो, आणि हातात काहीच नसताना लिहिणारा मी घरी झोपलो होतो.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं 2017 मध्ये केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड. तो असतानाच 6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरच्या शशिकांत वारिसे यांना गाडीनं चिरडलं गेलं, ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्या सकाळी छापून आली होती त्याच्याच गाडीनं. दुसऱ्या दिवशी ते गेले. तेही माझ्यासारखेच तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे. मला 'रस्ता लई वाईट हाय' आठवलं आणि रात्रभर झोप आली नाही.

माझ्या दुकानात आता पोर्टलवाले येतात. हातात बूम, गळ्यात कार्ड, कार्ड माझ्याच दुकानात लॅमिनेट केलेलं. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला तेव्हा दुपारपर्यंत मोबाइलवर 'आज रात्री मोठा' असं फिरू लागलं. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडचे लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांना वर्षानुवर्षं सरावलेले, तिकडच्यांनी फारसं मनावर घेतलं नसेल. आमच्या गल्लीनं रात्र अंगणात काढली. ते टाकणाऱ्या पोर्टलवाल्या पोराला मी सकाळी विचारलं, खुलासा टाकलास का? तो म्हणाला, "डिलीट केला ना काका व्हिडिओ." निदान आमच्या वेळी खुलासा न छापणारा एक माणूस तरी असायचा, त्याला फोन लावता यायचा. प्रेस कौन्सिलच्या कक्षेत टीव्ही नाही आणि हे पोरही नाही. सरकारनं स्वतःच खरं-खोटं ठरवणारी तपासणी यंत्रणा काढली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये रद्द केली, ते बरंच झालं. टाकीला पाइप आहे असंच तिनं ठरवलं असतं.

बाईंकडे मी गेलो 2022 च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता रस्ता डांबरी झाला आहे. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, करीवर बोलत होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की 2007 ला या गावच्या अंगणवाडीची बातमी मी लिहिली होती, ती खोटी होती, मी गावात आलोच नव्हतो. घरून निघताना चार वाक्यं तयार केली होती, ती सगळी म्हटली. तिघा-चौघांनी माना डोलावल्या. एका तरुणानं विचारलं, "कोणती बातमी?" दुसऱ्यानं त्याला कानात सांगितलं. मग त्यानं तिसऱ्याला.

चेअरमन वारला होता.

बाईंच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्या आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पारावरची बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यांनी मला ओसरीवरही बोलावलं नाही, दारातच उभ्या राहिल्या.

"लोकं इसरले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या नातसुनेला ठाऊक नव्हतं. आता तिला सांगत बसावं लागन."

आत नातसून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता. मी गाडीला किक मारली. ती दोनदा बंद पडली, आणि तेवढा वेळ त्या दारातच उभ्या होत्या.